विमलाबाईचा नंदी अन् आपली लाल गाडी

सिंदी (रेल्वे)
ता. ४ ऑगस्ट, सोमवार

फोन उचलाचा नसन तं नोको उचलू, पण तू माहा नंबरच बंद करून ठेवला, हे मले परवा तुह्या मायकून समजलं. दोन वर्ष मी दर पुनवेले फोन लावून राह्यली, तिकून ती बाई इंग्रजीत काहीबाही बोलून राह्यली, अन् मी समजो का नाशिकले रेंज नाई. तुही माय जया म्हणे, रेंज हाय, तुमालेच ब्लॉक केलं हाय. शहात्तर वर्षाच्या बुढीले ब्लॉक. मी का तुले दिवसातून दहा खेपा स्कीम सांगणारी पोरगी हाय का?

म्हणून हे पत्र. पत्ता जयानं दिला. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर हाय. लागलं नाई तं दोनदा वाच, पण दुसऱ्याजवळून वाचून घेऊ नोको.

चि. मिहिर यास आजीचा आशीर्वाद. इकडे सगळे हातापायानं धड हाय. पाऊस आतापर्यंत शहाण्यासारखा पडला, पऱ्हाटी गुडघ्याले लागली. तुह्या मायचं पित्त हाय तसंच हाय. डॉक्टर म्हणे चहा सोडा, तं तिनं डॉक्टर सोडला. पोळ्याले अठरा दिवस राह्यले. तुह्या बापाचं मागून लिहिते.

पहिले गाडीचं.

परवा शनिवारी तुही गाडी भंगारात जाणार होती. घाबरू नोको, गेली नाई, शेडात उभी हाय. पण काऊन गेली नाई ते ऐकशीन तं हातातलं काम खाली ठेवशीन. मले दोन दिवस झाले, भाकर थापता थापता हात थांबते. काल दोन भाकरी तव्यावर कोळसा झाल्या. जयाच्याही हातून वरणात मीठ दोनदा पडलं होतं.

भंगारवाला जयानंच बोलावलता. तिचं म्हणणं, दोन वर्षापासून ते लाल गाडी टिनाच्या शेडात झाकून पडली हाय, पोट्टा तं येत नाई, अन् रोज धुणं वाळत घालाले गेलं का तीच डोळ्यापुढे. मी म्हटलं ने बाई, मले का तिचं कवतिक हाय. तू आणली तवाच मी म्हटलं होतं का जे कंपनी इथून गाशा गुंडाळून गेली, जिचा एक इस्क्रू भेटाले नागपूर पालथं घालाव लागते, तिची गाडी शहाणा माणूस घेत नाई. तू म्हणे, आजी, हॅचबॅक हाय, अंग लहान पण इंजिन सोळाशेचं, अशी आता शंभरात एक सापडत नाई. सोळाशे का सतराशे, मले का समजते. मले दिसे ते एवढंच का तीन मालकायच्या हाताखालून निघालेली म्हातारी गाडी, छताचा रंग उडून गाजरासारखा झालेला, एसी मेलेला, अन् दर ऐतवारी तू तिच्याखाली पाय बाहेर काढून पडलेला. एका ऐतवारी रबरं, दुसऱ्या ऐतवारी पट्टा, तिसऱ्या ऐतवारी का झालं म्हणून इचारलं तं म्हणे काही झालं नाई, फक्त ऐकून राह्यलो. दिव्याच्या पिवळ्या काचा तू घरातली टूथपेस्ट लावून घासल्या, अन् आम्ही चार दिवस राखुंडीनं दात घासले. एक पार्ट परदेशातून बोलावला, तीन महिन्यानं आला, तवा तू डबा उघडून पहिले त्याचा वास घेतला. मी पाह्यलं. पोरीचा फोटो दाखवला होता तं एवढा येळ पाह्यला नाई तू.

अन् तुहा बाप आल्यागेल्याले सांगे, हेडमास्तराच्या दारात भंगार उभं हाय. त्या गाडीले त्यानं कधी बोट लावलं नाई. असं मी समजो.

तं टेम्पो आला. भंगारवाला अन् त्याची दोन माणसं. त्यायनं कपडा ओढला.

मिहिर, दोन वर्ष उभी असलेली गाडी कशी दिसाले पाह्यजे, तूच सांग. माह्या बाजेखाली आठ दिवस झाडू नाई लागला तं उंदराचं बाळंतपण होते. ह्या गाडीवर धूळ नाई. चारी चाकात हवा टम्म. भंगारवाल्यानं पुढचं झाकण उघडलं, ते तेल पाहाची सळई काढली, बोटावर तेल घेतलं अन् माह्यापुढे धरलं. म्हणे, आजी, हे तेल तं महिन्याचंही नाई, गाडीले पाहते कोण? मी जयाकडे पाह्यलं, जयानं माह्याकडे. मी म्हटलं, पाहणारा नाशिकले हाय.

मंग ते चालू करून टेम्पोवर चढवतो म्हणाले. एक बसला, चावी फिरवली, खर्र खर्र, काही नाई. दुसरा बसला, नाई. ढकलून पाह्यली, नाई. भंगारवाला चिडला, टेम्पोतून साखळी आणली अन् पुढच्या बंपरले बांधून ओढतो म्हणे, तुटलं तं तुटलं.

तेवढ्यात तुहा बाप आला. सकाळची शाळा सुटलती. त्यानं फाटकापाशी स्कूटर उभी केली नाई, तशीच टाकली, पडू दिली. हा माणूस जो चपलाही जोडीनं सरळ ठेवते, त्यानं स्कूटर पडू दिली. साखळीवाल्याले खांद्यानं बाजूले केलं, गाडीत बसला, चावी अर्धी फिरवली अन् थांबला. कान दिला. मंग डावा हात, न पाहता, समोरच्या फळीच्या खाली घातला अन् आत कशाले तरी बोटाच्या गाठीनं दोनदा ठोकलं. आतून घूं असा आवाज आला. मंग चावी.

शेडाची टिनं वाजली, अशी ती चालू झाली.

तुले मी का सांगू, ते तुहीच युक्ती. तू सांगे का आत पंपाचा लहान डबा हाय, तो अडकते, नवा भेटत नाई, म्हणून ठोकाव लागते, अन् जागा माहीत नसन तं जिंदगीभर ठोका. तुहा बाप पायानं थोडी थोडी रेस देऊन, डोकं वाकडं करून ऐकून राह्यला होता. सत्तावन वर्षाचा झाला तो. माह्या पोटचा हाय. ते तोंड मी त्याचं कधी पाह्यलं नव्हतं, लग्नातही नाई अन् तू झाला तवाही नाई. हसत नव्हता, पण कपाळावरची ती हेडमास्तराची आठी कोठंच नव्हती.

मंग त्याचं ध्यान आमच्याकडे गेलं. गाडी बंद केली. स्टेरिंगवरचे हात काढले नाई. म्हणे,

"माय, तू घरात चाल."

मी म्हटलं, "मी कायले घरात जाऊ? तू बाहेर ये."

भंगारवाल्यानं साखळी गुंडाळली अन् न सांगता टेम्पो घेऊन गेला. त्यालेही समजलं असन का ह्या घरात आज दुसरंच काही मोडीत निघून राह्यलं.

आता तान्ह्या पोळ्याचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लाकडी नंदीच्या सणाचा, तो दिवस लिहाव लागते. तुले पाठ असन, पण मी तो दोन वर्ष माह्या सोयीनं ध्यानात ठेवलता, म्हणून एकदा कागदावर मांडते. कोठं चुकलं तं सांगजो.

शेजारच्या विमलाबाईचा सागवानी नंदी, तिच्या सासऱ्यानं कोरून घेतलेला, माह्या छातीएवढा, चाकाच्या पाटावर, झूल-घुंगरू घालून गल्लीत तिच्या दारापुढे उभा. थोड्या येळानं तो चौकात न्यायचा होता, बाकीचे नंदी पोचलेच होते. लोकं सगळे ढोलापाशी. अन् धाडकन आवाज आला. आम्ही धावून आलो तं तुह्या गाडीचं मागचं अंग नंदीत घुसलेलं, नंदी आडवा, पुढचा एक पाय मोडलेला, एक शिंग तुटून नालीत. गाडीत कोणी नाई. चावी तशीच लागलेली.

अन् स्टेशनच्या बाजूनं तू धावत आला. म्हणे, आत्ताच वर्ध्याहून ड्युटी करून पॅसेंजरनं उतरलो. तुले उतरताना कोणी पाह्यलं नव्हतं. अन् आल्याबरोबर तू का केलं? नंदीकडे पाह्यलंच नाई. गाडीच्या मागच्या बंपरवर हात फिरवला. सगळ्या गल्लीनं पाह्यलं. तू तिथंच फसला, बाबू. विमलाबाई रस्त्यावर बसून नंदीचा पाय मांडीवर घेऊन, अन् तू बंपर पाहून राह्यला.

मंग मी बोलली. सगळ्यायच्या मधात उभी राहून बोलली का ह्या गाडीले ह्या एकाच्या हाताशिवाय जीव येत नाई, दुसरं कोण चालवन? ते शब्द माहे होते. त्याच्याआधी लोकं नुसते कुजबुजत होते.

पाच मिनिटानं तुहा बाप चौकाच्या बाजूनं आला. पांढरा सदरा, छातीले बिल्ला, नंदी सजवण्याच्या स्पर्धेचा परीक्षक. त्यानं सगळं ऐकून घेतलं अन् तुले म्हणे, नंदीच्या पाया पड, काकूची माफी माग. तू त्याच्याकडे गंज येळ पाहत राह्यला. "मी नव्हतो," एवढंच म्हटलं. कोण होतं ते नाई म्हटलं. मले तवा वाटलं, कसा निर्लज्ज पोट्टा हाय. चावी घरात खुट्टीवर राहे. घरात ते उचलणारे हात किती, हे तुले तिथंच उभ्या उभ्या समजलं होतं, हे मले शनिवारी समजलं.

दुसऱ्या दिवशी मीच तुले म्हटलं, माफी माग नाई तं ह्या घरात पाय ठेवू नोको. तू ब्याग भरली. गाडी शेडात नेऊन लावली, चावी खुट्टीवर अडकवली अन् गेला.

शनिवारी त्यानं सगळं सांगतलं. पडलेल्या स्कूटरीपाशी उभं राहून, शाळेत पोट्टे उभे राहतेत तसं. बक्षिसाच्या ढाली शाळेत राहून गेल्या होत्या, स्पर्धेले येळ झालता, म्हणून तुही गाडी काढली. एरवी शेडाच्या मागच्या दारानं, नाल्याच्या वाटेनं काढे, कोणाले दिसे नाई. त्या दिवशी त्या वाटेले चिखल होता, म्हणून गल्लीतून काढली. मागं घेऊन राह्यला तं समोरून ढोलाचा आवाज मोठा झाला, लोकं येतेत का काय म्हणून तो दचकला, अन् पाय जोरात पडला. मंग परसातून पळाला. हेडमास्तर, बिल्ला लावून, विमलाबाईच्या परसातल्या वांग्यायतून.

एरवी म्हणजे किती खेपा, मी इचारलं. म्हणे, तीन वर्ष. तू वर्ध्याले कामावर गेला अन् त्याची शाळा सुटली का. तू ऐतवारी गाडीखाली पडे तवा तो ओट्यावर पेपर तोंडापुढे धरून बसे, तुले आठवत असन. पेपर नव्हता वाचत. तुहे हात पाहे.

अन् तू गेल्यावर? गेल्यावर त्यानं ते रस्त्यावर नेली नाई, एक खेपही नाई. पण आम्ही दोघी ऐतवारी वावरात गेलो का तो शेडात जाई, दहा मिनिटं चालू ठेवे, तेल बदले, चाकाची जागा हातभर सरकवे. पार्टाचे डबे शाळेच्या पत्त्यावर येत. घरी आणे तं मी समजो परीक्षेचे पेपर हाय, जयाले म्हणो हात लावू नोको बाई, सरकारी काम हाय. मी त्या डब्यायची राखण केली, मिहिर.

मी म्हटलं, काऊन रे? एवढंच आवडत होतं तं पोट्ट्याजवळ बसून शिकला असता, त्यानं का नाई म्हटलं असतं?

तं म्हणे, "माय, त्या गाडीत बसलो का मले कोणी सर म्हणत नाई."

मी म्हटलं, "आता बाबा म्हणणाराही कोणी नाई राह्यला."

जया त्या घडीले उठून घरात गेली. त्या दिवसापासून ती त्याचं ताट वाढते अन् निंगून जाते. तो म्हणते, मिहिरले मी फोनवर सांगतो, एकट्याले, हातापाया पडतो. पण गावात नोको. फेब्रुवारीत रिटायर होतो, शाळा निरोप देणार हाय, छत्तीस वर्षाची नोकरी. तेवढं होऊ दे माय, मंग बोलू.

पत्र इथं संपवता आलं असतं. सगळं तुह्या बापाच्या डोक्यावर ठेवून, आशीर्वाद लिहून. दोन दिवस मी तेच करून राह्यली होती. त्याले बोलली, जयाले ऐकू जाईन असं बोलली, देवापुढे बसूनही त्यालेच बोलली. काल दुपारी विमलाबाईकडे गेली तेही त्याचंच गाऱ्हाणं घेऊन. पण तिथं नंदी पाह्यला. पाय तिनं सुताराजवळून पट्टी मारून बसवून घेतला, शिंग नालीत वाहून गेलं ते काही भेटलं नाई. मागच्या पोळ्याले तिनं तो बाहेर काढलाच नव्हता. त्याच्यापुढे बसल्यावर मले माहंही सांगाव लागलं. तुलेही सांगते.

त्या दिवशी लोकं पांगल्यावर गाडीतून चावी काढाले मीच गेली. दार उघडून तुह्या जागेवर बसली. अन् माहे पाय खालच्या पॅडलले टेकले.

तू सहा फुटाचा. तू चालवल्यावर त्या सीटवर बसलं का माहे पाय लहान पोरीसारखे लटकतेत. तुहा बाप उंचीनं माह्यावर गेला. घरात तेवढ्या मापाचं गाडी चालवणारं दुसरं कोणी नाई. मले समजाले किती येळ लागला म्हणशीन, तं एक दम घेतला तेवढा. मंग मी सीटखालची दांडी ओढली अन् सीट मागं सारली, जेथपर्यंत जाते तेथपर्यंत. चावी काढली, घरी आली, खुट्टीवर लावली. अन् दुसऱ्या दिवशी तुले म्हटलं का घरात पाय ठेवू नोको.

मी स्वतःले सांगतलं का पोट्टे आत खेळले असतीन, त्यायनं सीट हलवली असन. मंग मागं काऊन सारली, हे मले कोणी इचारलं नाई, म्हणून सांगाव लागलं नाई. तू जवान होता, तुले कोठंही नोकरी भेटली असती. तो हेडमास्तर होता. एवढाच हिशेब होता तो, एका दमात केलेला. शनिवारी त्याचा हात फळीखाली गेला अन् मले धक्का बसला, असं मी सगळ्यायले सांगून राह्यली. धक्का त्याचा नव्हता. त्याचा हात पाह्यला अन् मले माहा हात दिसला, त्या दांडीवर. दोन वर्षात मी तो एकदाही पाह्यला नव्हता. खरं सांगते, इसरलीच होती मी. माणूस एवढं कसं इसरते, तेच मले समजून नाई राह्यलं.

विमलाबाईनं सगळं ऐकलं. मले म्हणे, "शकू, दोन वर्ष मी तुह्या हातचा चहा पेली." कप घेऊन आत धुवाले गेली ते बाहेर आलीच नाई. मी बसली बसली अन् उठून आली.

मी तुले माफी मागत नाई. ते कागदावर मागाची चीज नाई, अन् तू नंबर बंद केला ते बराबरच केलं. येत्या तान्ह्या पोळ्याले मी त्याच गल्लीत, विमलाबाईच्या दारापुढे उभी राहून सीटचं सांगणार हाय. जे मोठ्यानं बोलली होती ते मोठ्यानंच परत घ्याव लागते. तू ये का नोको येऊ, ते तुह्यावर. आला तं घरातच उतरजो, दुसऱ्याकडे नाई.

गाडी तुही हाय, भंगारात जाणार नाई, जयानंही तसं म्हटलं. सगळं तिचं नवं-जुनं जिथल्या तिथं हाय, फक्त मागचा डावा दिवा अजून फुटकाच हाय. मी तुह्या बापाले इचारलं, एवढे डबे बोलावले, हा दिवा काऊन नाई? म्हणे, बोलावला होता माय, आला, लावला नाई गेला.

हे पत्र टपालात टाकाले मी त्याच्याच हातात देऊन राह्यली. पाकीट उघडंच. तो वाचीन, दुसऱ्याच्या वह्या वाचून त्याची उमर गेली. म्हणून शेवटचं त्याले लिहिते. तुले हे पत्र पोचलं तं समजजो का खालचं अर्धं पान भरलेलं हाय. कोरं पान मी नाशिकले जाऊ देणार नाई.

तुही आजी,
शकुबाई

धनंजय, मिहिरनं उत्तर धाडाचं नाई अन् जयानं मधात बोलाचं नाई. नंदीवर गाडी कोणी घातली ते ह्याच्या खाली तुह्या अक्षरात लिही, सही कर, हेडमास्तराचा शिक्का न मारता, मले दाखव, अन् मंगच पाकीट चिकटव. उत्तर तुलेच द्याचं हाय.